दोनशे पंधरा जीबीची तूट

आपण काय आणि किती वापरतो हे कळत नाही, तोवर माणूस सुखात असतो. हे सुख फार टिकू नये म्हणून प्रत्येक सुधारलेल्या समाजात मोजणीची सोय केलेली असते. पाण्याला मीटर आहे, विजेला मीटर आहे, तापाला थर्मामीटर आहे. घरातल्या इंटरनेटला मात्र पुष्कळ वर्षं कुणी विचारणारं नव्हतं. ते भिंतीतल्या भोकातून घरात यायचं, खोल्याखोल्यांतून हिंडायचं, आणि कितीही वापरलं तरी संपायचं नाही. न संपणाऱ्या वस्तूबद्दल माणसाला आदर नसतो. ही बेबंदशाही एका घरात कशी मोडून काढण्यात आली, त्याची ही हकिगत.

घर मापसाहेबांचं. मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण वजनमापं तपासणाऱ्या खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरतं. किलोमागे पाच ग्रॅम मारणारा तराजू त्यांनी जागच्या जागी जप्त केलेला आहे. अचानक तपासणीला निघताना ते चपला बदलून जात, कारण दुकानदार त्यांना चपलांवरून ओळखत. (चेहऱ्याकडे पाहायची कुणाची छाती नव्हती, असं मापसाहेबांचं म्हणणं.) नात जन्मली तेव्हा बाळाला हातात घेण्याआधी त्यांनी दवाखान्यातल्या वजनकाट्याचा शिक्का पाहिला. शिक्क्याची मुदत संपलेली होती. त्यामुळे नातीचं जन्मवजन त्या घरात आजही 'अंदाजे' म्हणूनच सांगतात.

त्या वर्षी रस्ता खोदणाऱ्यांनी गल्लीतली इंटरनेटची तार सहा वेळा तोडली. घरी बसून लिफ्टचे नकाशे काढणारे चिरंजीव कंटाळले आणि त्यांनी ठरवलं, की तारेचा नाद सोडायचा आणि मोबाइल ब्रॉडबँड घ्यायचं. म्हणजे सिमकार्ड घातलेली एक लहानशी पेटी खिडकीत ठेवायची, की झालं. तार नाही, खड्डे नाहीत. फरक एवढाच, की तारेतून येणारं इंटरनेट बेहिशेबी होतं आणि हे मोजून मिळणार होतं: छोटा प्लॅन शंभर जीबी, मधला तीनशे, मोठा सहाशे. कंपनीच्या पत्रकात खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात एक सल्लाही होता. 'योग्य प्लॅन निवडण्यासाठी आधी महिनाभर आपल्या घरातील वापर मोजा.' हा सल्ला आजवर कुणी पाळल्याची कंपनीच्या दप्तरी नोंद नाही. छापणाऱ्याने तो पाळण्यासाठी छापलेलाही नव्हता. कागदावर जागा उरली होती.

"मधला घेऊन टाकू, बाबा," चिरंजीव म्हणाले. "कमी पडला तर बघू."

मापसाहेबांनी चष्मा काढला. "'घेऊन टाकू' हे माप नाही," ते म्हणाले आणि दोनशे पानांची आडवी वही आणायला स्वतः बाहेर पडले.

मोजणीच्या कक्षेत पाच माणसं धरण्यात आली. स्वतः मापसाहेब, चिरंजीव, दवाखान्यात लोकांचे कान तपासणाऱ्या सूनबाई, तेरा वर्षांची नात, आणि मापसाहेबांची पत्नी, जिला सगळी गल्ली शिवणकाकू म्हणते. काकू मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे लांब, आखूड, सैल आणि घट्ट करतात. चाळीस वर्षांत गल्लीतल्या माणसांची पोटं कशीकशी वाढत गेली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सहावी व्यक्ती म्हणजे मापसाहेबांची लेक. ती दूरच्या देशात चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे तिला कक्षेबाहेर ठेवण्यात आलं.

राउटरशेजारी खिळा ठोकून वही टांगली. वहीला दोरीने पेन बांधलं. पानावर सात रकाने आखले: दिनांक, वेळ, यंत्र, कारण, बोलणे असल्यास कुणाशी व किती मिनिटे बोललात, अंदाजे एमबी, सही. मग फ्रिजच्या दारावर पहिलं परिपत्रक लागलं. 'घरातील व्यक्तींनी इंटरनेट वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतर वहीत नोंद करावी. नोंद कशी करावी हे शोधण्यासाठी इंटरनेट वापरू नये.' दुसऱ्या परिपत्रकानुसार पाहुण्याने पासवर्ड मागितल्यास त्यास प्रथम पाणी द्यायचं आणि विषय बदलायचा होता. तिसरं सर्वांत दूरदर्शी होतं. एकट्याने सिनेमा पाहू नये, कारण पाच जणांनी मिळून पाहिला तर दरडोई वापर एक पंचमांश होतो. त्याची अंमलबजावणी म्हणून त्या घरातल्या पाचही जणांनी समुद्री कासवांवरचा एक माहितीपट शेवटपर्यंत पाहिला. दरडोई दोनशे एमबी. कासवांबद्दल त्यानंतर घरात कुणी बोललं नाही.

आता, मोजायचं तर प्रमाण लागतं. एक किलो म्हणजे काय, हे हातात घेऊन दाखवता येतं. निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेलं पितळेचं वजन मापसाहेबांच्या टेबलावरच होतं. "एक एमबी असा हातात घेऊन दाखव," त्यांनी चिरंजीवांना सांगितलं. चिरंजीव शिकलेले आहेत, नोकरीत हुशार गणले जातात, पण त्यांना ते जमलं नाही. शेवटी मापसाहेबांनी त्या पितळी वजनाचाच फोटो काढला. तो चार एमबीचा भरला. हा फोटो घरचं प्रमाण माप म्हणून जाहीर झाला. चार एमबी म्हणजे एक 'वजन'. तासाभराचा सिनेमा म्हणजे अडीचशे वजनं. प्रमाण बिघडलं नाही ना हे पाहायला तो फोटो रोज सकाळी पाचही फोनवर पाठवण्यात येई. (या पडताळणीचा खर्च महिन्याला सहाशे एमबी आला. तो 'प्रशासकीय' या सदराखाली दाखवलेला आहे.)

पहिल्या आठवड्यात दोनशे अकरा नोंदी झाल्या. नातीच्या सगळ्या नोंदींपुढे कारण एकच होतं, 'अभ्यास'. तीन दिवसांत तिने इतका अभ्यास केला होता, की मापसाहेबांनी तिची तोंडी परीक्षा घेण्याचा विचार बोलून दाखवला. तेव्हापासून ती अभ्यासाला मैत्रिणीच्या घरी जाऊ लागली आणि या घरातला वापर घटला. मैत्रिणीच्या घरातला वाढला असेल. ते हद्दीबाहेरचं प्रकरण होतं. सूनबाईंनी एकदा कारणाच्या रकान्यात 'सहज' असं लिहिलं. त्यावर लाल शेरा आला: 'सहज हे कारण नाही. खुलासा करावा.' दुसऱ्या दिवशी खुलासा आला: 'दमले होते.' त्यावर मापसाहेबांनी उदार मनाने लिहिलं, 'मान्य. पंधरा मिनिटांपर्यंत.'

मापसाहेबांची स्वतःची नोंद दर रविवारी असायची. 'लेकीशी संभाषण, चार मिनिटे.' या चार मिनिटांत तिथली हवा, तिची तब्येत आणि इकडचं सगळं ठीक, एवढं बसत असे. वर्षानुवर्षं हा आकडा पाचावर गेलेला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. पण खरा आदर्श काकूंचा. महिनाभरात त्यांच्या तीनच नोंदी, पैकी एक शिलाई मशीनचा पट्टा कुठे मिळेल याची. काकूंचं पान जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना फिरवून दाखवण्यात आलं. काकू तेव्हा ताटं उचलत होत्या. 

तिसाव्या दिवशी सकाळी मापसाहेबांनी वहीची बेरीज केली. सत्त्याण्णव जीबी. मग राउटरच्या आत, जिथे एकूण आकडा दिसतो, तिथे चिरंजीवांकरवी डोकावून पाहिलं. तीनशे बारा.

दोनशे पंधरा जीबीची तूट होती. किलोमागे पाच ग्रॅमला तराजू उचलून नेणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात किलोमागे जवळजवळ सातशे ग्रॅम कुणीतरी मारत होतं. मापसाहेब त्या दिवशी चहा घ्यायचे विसरले.

प्रथम त्यांनी यंत्राचा संशय घेतला, कारण माणसाआधी यंत्र तपासावं असा खात्याचा दंडक आहे. त्यांनी तारेच्या कंपनीला फोन लावला.

"तुमच्या पेटीवर शेवटचा शिक्का कधी मारलाय?" त्यांनी विचारलं.

"सर, राउटर एकदा बंद करून परत चालू केलाय का तुम्ही?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"तराजू बंद करून चालू केला तर साखर वाढते का?"

पलीकडे सात मिनिटं संगीत वाजलं. मापसाहेबांनी ते पूर्ण ऐकलं आणि वहीत त्याची नोंद केली. मग यंत्राला निर्दोष सोडून ते माणसांकडे वळले.

तपासाची पद्धत सोपी होती. रोज एका माणसाची सगळी यंत्रं दिवसभर बंद ठेवायची आणि तूट कमी होते का पाहायचं. पहिला दिवस चिरंजीवांचा. त्या दिवशी एका इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच काढून झाली, पण तूट तेवढीच. दुसरा नातीचा, तिसरा सूनबाईंचा, चौथा स्वतः मापसाहेबांचा, कारण कायदा सर्वांना सारखा. तूट जागची हलेना. पाचव्या दिवशी निव्वळ उपचार म्हणून काकूंना फोन बंद ठेवायला सांगितलं. काकूंनी फोन बंद केला, कपाटात ठेवला आणि कपाट जरा जोरात लावलं. त्या दिवशीची तूट निघाली शून्य.

सहाव्या दिवशी मापसाहेब अचानक तपासणीला निघाले. घरात चपला घालत नसल्यामुळे त्यांनी मोजे बदलले. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी ते मागच्या खोलीच्या दाराशी, पडद्याच्या आड जाऊन उभे राहिले.

काकू मशीनवर होत्या. समोर रिळांच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला होता. फोनमध्ये इस्त्रीचं टेबल दिसत होतं, त्याच्यामागे खिडकीचा अर्धा पडदा, आणि मधूनमधून एक खांदा. खांदा लेकीचा होता. तिकडे सकाळ होती आणि ती कामावर जायचे कपडे इस्त्री करत होती. इकडे काकू कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होत्या. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मापसाहेबांनी घड्याळ लावलं. अकरा मिनिटांत जे काही बोललं गेलं ते असं: लेक खोकली. काकू मान वर न करता म्हणाल्या, "गरम पाणी घे." लेक म्हणाली, "हं." बाकी मशीनचा आवाज, इस्त्रीचा आवाज आणि तिकडे कुठेतरी नळ.

साडेचारला लेक कामाला गेली. काकूंनी फोन उचलला आणि टेप गुंडाळायला घेतली, तेव्हा मापसाहेब आत आले.

"रोज किती वाजता सुरू होतं हे?"

"दीडला. ती उठते तेव्हा."

"म्हणजे तीन तास. आणि वहीत एक ओळ नाही?"

"वहीत विचारलंय, कुणाशी किती मिनिटं बोललात," काकू म्हणाल्या. "आम्ही बोललो कुठे?"

मापसाहेबांनी बाहेर जाऊन रकाना वाचला. तसंच होतं. नमुना सदोष होता आणि तो त्यांनीच आखला होता. ते परत आत आले.

"बोलायचं नाही तर फोन लावायचा कशाला?"

"तिनंच सांगितलं. म्हणाली, आई, बोलायला काही नाहीये, नुसतं चालू ठेव. घर फार गप्प असतं म्हणाली. ती तिचं करते, मी माझं करते."

"कधीपासून?"

"तिचं मोडल्यापासून. वर्ष होईल आता."

तिचं लग्न मोडलं हे मापसाहेबांना अर्थातच माहीत होतं. रविवारच्या चार मिनिटांत तो विषय बसत नव्हता, एवढंच.

दुसरा एखादा अधिकारी इथे विरघळला असता आणि मोजणीचं सगळं काम पाण्यात गेलं असतं. मापसाहेबांनी मात्र दोन दिवस विचार केला. डब्यासकट तूप तोललं, तर डब्याचं वजन वजा करायचं. गिऱ्हाइकाला तुपाचं वजन लागतं, डब्याचं नाही. संभाषणात बोलणं हा माल. न बोलणं हा डबा. त्याअर्थी तीनशे बारा हे घराचं ढोबळ वजन होतं आणि सत्त्याण्णव हे निव्वळ. तूट नव्हतीच, आजवर कुणी डबा वजा केला नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतका स्वच्छ निकाल दिला नव्हता. घराला छोटा प्लॅन पुरेसा होता.

"मोठाच घेऊ ना, बाबा," चिरंजीव म्हणाले. "आईचं चालू राहील."

"रिकाम्या डब्यासाठी कुणी मोठा तराजू घेत नाही."

"म्हणजे आमचं बंद?" काकूंनी विचारलं.

"बंद कोण म्हणतंय? चित्र बंद. आवाज चालू. रोज अर्धा तास मंजूर करतो. बोला की भरपूर."

हे नववं परिपत्रक. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. काकूंनीही केली. तार काढली, भिंतीतलं भोक बुजवलं आणि खिडकीत नवी पेटी बसली.

चित्र नसलेल्या फोनची एक गंमत आहे, ती कुठल्याही पत्रकात छापलेली नसते. त्यात गप्प राहता येत नाही. समोर माणूस दिसत असेल तर गप्प बसणं म्हणजे सोबत; दिसत नसेल तर पलीकडच्याला वाटतं, फोन तुटला. पहिल्या दिवशी त्या अर्ध्या तासात मायलेकी मिळून चौदा वेळा 'हॅलो, आहेस ना?' म्हणाल्या. (मापसाहेबांनी दारामागून मोजलं.) मग नाइलाजाने बोलणं सुरू झालं. काय खाल्लंस हे चौथ्या मिनिटाला संपलं. हवा सातव्याला. आणि उरलेला वेळ मंजूर झालेला असल्यामुळे तो भरणं भाग होतं. म्हणून काकूंनी वर्षभर जे विचारलं नव्हतं ते विचारायला सुरुवात केली. पुढे काय ठरवलंयस? तो परत काही बोलला का? असं किती दिवस एकटी राहणार? लेकीने पहिले काही दिवस उत्तरं दिली, मग हं म्हटलं, आणि नवव्या दिवशी म्हणाली, "आई, मला उशीर होतोय." अजून दीडच वाजला होता. तिचा कारखाना साडेचारला.

अर्ध्या तासाची अकरा मिनिटं झाली. अकराची चार. तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली की रोज रोज कशाला, रविवारी बाबांच्या फोनवर बोलू की.

महिना संपला. वहीची बेरीज एकसष्ट जीबी आली. पेटीतला आकडाही एकसष्ट. तूट शून्य. कंपनीने आपण होऊन संदेश पाठवला: 'अभिनंदन! या महिन्यात आपण एकोणचाळीस जीबी वाचवले आहेत. वाचलेला डेटा आज रद्द होईल.' इतका तंतोतंत ताळा मापसाहेबांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी तो संदेश कागदावर काढून फ्रिजवर लावला.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक पँट परत घेऊन आलं. डावा पाय पाऊण इंच आखूड होता. मापसाहेबांनी स्वतः टेप लावून पाहिलं; पाऊण इंच आणि वर एक दोरा. चाळीस वर्षांत काकूंच्या हातून असं झालं नव्हतं. गिऱ्हाईक गेल्यावर मापसाहेब मागच्या खोलीत गेले. मशीन बंद होतं. खुर्चीवर करायच्या कपड्यांचा ढीग होता. पूर्वी दुपारी सात पँटी व्हायच्या, आता चार होत होत्या, तेही त्यांनी मोजलं.

"हे कसं झालं?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

काकूंनी रिळांच्या डब्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहितीये कुठे होतं. सारखं विचारत जाऊ नका." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिच्या घरात दिवसाचे तीन तास कुणीतरी होतं. आता कुणी नाही. मी काय करू, तिला प्रश्न विचारून मीच घालवली."

मापसाहेबांना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. हे इथे स्पष्ट लिहिलेलं बरं, कारण वहीत त्यासाठी रकाना नाही.

त्यांनी नव्या कंपनीला फोन लावला आणि मोठा प्लॅन मागितला.

"सर, तुमचा वापर एकसष्ट आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुम्हाला छोटाच पुरतो. सहाशे कशाला हवेत?"

"हवेत."

"कारण भरावं लागतं, सर. सिनेमे, खेळ, ऑफिस?"

मापसाहेब बराच वेळ गप्प राहिले. चित्र नसल्यामुळे पलीकडून दोनदा 'हॅलो सर, आहात ना?' आलं.

"सहज," ते म्हणाले.

"सहज हा पर्याय नाहीये, सर. मी 'इतर' लिहिते."

सहाशे जीबी आले. पण माल मागवला म्हणजे गिऱ्हाईक परत येतंच असं नाही. मापसाहेबांनी रविवारी लेकीला सांगितलं, की आता चित्र चालेल, कितीही वेळ चालेल, आईला लाव. "नको बाबा," ती म्हणाली. "विशेष काही नाही बोलायला." हे वाक्य तिने वर्षापूर्वीही म्हटलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ, चालू ठेव, असा होता.

मग मापसाहेबांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या स्वभावात बसत नव्हती. दुपारी दीड वाजता मागच्या खोलीत जाऊन, फोन रिळांच्या डब्याला टेकवून, स्वतःच लेकीला फोन लावला. तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला. नऊ दिवसांत सहा वेळा उचलला नाही, तीन वेळा 'घाईत आहे' म्हणाली. या नऊ प्रयत्नांची वहीत नोंद नाही. वही तोवर खिळ्यावरून उतरली होती. ती कुणी उतरवली याची चौकशी झाली नाही.

दहाव्या दिवशी तिने उचलला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तू तुझं काम कर. मी काही विचारणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसता बसतो."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला नाही जमणार, बाबा."

"बघू."

तिने फोन कशाला तरी टेकवला. टेकवताना तो कलला, त्यामुळे मापसाहेबांना छत, दिव्याची कडा आणि दोरीवर वाळत घातलेला एक टॉवेल एवढंच दिसत होतं. दुसऱ्या मिनिटाला त्यांना विचारावंसं वाटलं, हवा कशी आहे. त्यांनी विचारलं नाही. पाचव्या मिनिटाला टॉवेल किती दिवसांचा आहे, तेही विचारलं नाही. आठव्या मिनिटाला त्यांना घाम आला. चौतीस वर्षांत एका जागी बसून त्यांनी काहीही तपासलं नाही अशी ही पहिलीच आठ मिनिटं. बाराव्या मिनिटाला काकू हातात दोन पँटी घेऊन आत आल्या. त्यांनी फोनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि मशीन सुरू केलं. तिकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज झाला.

असा बराच वेळ गेला. किती, ते मापसाहेबांना सांगता येणार नाही. घड्याळ लावायचं राहून गेलं. मग छत आणि टॉवेल दिसत असलेल्या त्या फोनमधून, बाजूच्या कुठूनतरी, लेकीचा आवाज आला.

"बाबा, आईच्या मशीनला तेल घाला. केव्हाचं कुरकुरतंय."

"घालतो," मापसाहेब म्हणाले, आणि तेलाची बाटली शोधायला उठले.

ज्यांना हे सगळं वाचून हसू आलं असेल, त्यांनीही आपल्या वापराची मोजणी करून घ्यायला हरकत नाही. वही आखायची गरज नाही, पेनाला दोरी बांधायला नको. फोन जवळच असेल. तो उघडावा आणि आईला किंवा वडिलांना आपण शेवटचा फोन केला होता ती ओळ शोधावी. ती सापडायला थोडं खाली जावं लागेल. ओळीच्या पुढे बारीक अक्षरात मिनिटं आणि सेकंद लिहिलेले असतात. आकडा चार किंवा त्याहून कमी आढळल्यास घाबरू नये. तुमचा वापर पूर्णपणे आटोक्यात आहे, आणि छोटा प्लॅन तुम्हाला निश्चित पुरेल.